अब्लेशननंतर रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर?

तुम्ही विचारलंय: बाबा ६८ वर्षांचे, बीपी आहे. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडतात त्यासाठी, नागपुरात अब्लेशन झालं (जांघेतून नळी घालून हृदयात आतून डाग देतात ते), ठोके आता नीट पडतात. मग गोळी थांबवायची का, आणि शेतात कधी जाऊ द्यायचं?

गोळी थांबवू नका. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

तालुक्याच्या मेडिकलवर रोज ऐकतो, "ठोके तं बराबर हायेत, मंग गोळी कायले?" आमच्या घरातही याच वाक्यावरून वाद झालाय. जांघेत टाका नाही, चिरा नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. डाग आत दिलेले असतात, फुफ्फुसाच्या शिरा हृदयात उघडतात त्या तोंडाशी. भाजलेल्या जागी गुठळी धरते, ती सुटली की मेंदूत जाते आणि लकवा. म्हणून किमान दोन-तीन महिने गोळी चालूच. त्यापुढे ठोके बघून नाही, वय, बीपी, शुगर, आधीचा लकवा बघून ठरतं. तुमच्या बाबांचं वय आणि बीपी पाहता बहुधा पुढेही लागेल.

एकाने आठव्या दिवशी पाठीवर फवारणीचा पंप घेतला. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. संध्याकाळी जांघेत लिंबाएवढी गाठ. घरच्यांनी गोळी बंद केली आणि गावात दुखण्याची डायक्लोफेनॅकची सुई टोचून आणली. दोन्ही चुकलं. गोळीसोबत ती सुई म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. गाठ आली किंवा रक्त आलं तर आडवं झोपवून तळहाताने दहा मिनिटं घट्ट दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. थांबलं नाही, वाढत गेलं तर १०८. गाठ ठोक्यासोबत उडत असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी. मांडीवर उतरलेला काळानिळा डाग मात्र दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून जातो, त्याला घाबरू नका.

खरी भीती तापाची. पहिल्या दोन महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा हातपाय लुळे पडणं यातलं काही झालं तर अन्ननलिकेला भोक पडलेलं असू शकतं. क्वचितच होतं, पण झालं तर जीवावर बेततं. गावात चार दिवस मलेरिया-टायफॉइड म्हणून जातात. अब्लेशन झालंय हे आधी सांगा. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण, करू देऊ नका, आधी छातीचा सीटी स्कॅन. पँटोप्राझोल लिहून दिली असेल तर तीही याचसाठी, नुसत्या गॅसची नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परत आली म्हणजे अब्लेशन फसलं असं नाही. मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा.

शेताचं म्हणाल तर बांधावर फिरणं चार-पाच दिवसांनी. उकिडवं बसणं आणि संडासला कुंथणं आठवडाभर नको, प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. पंप, तुरीचं पोतं, खड्ड्यातून मोटारसायकल हे सगळं दोन आठवडे बंद, जांघ दुखत असेल तर आणखी थांबा.

आणि हो, हे एट्रियल फिब्रिलेशनपुरतं. एसव्हीटीचं, म्हणजे ठोके एकदम खूप जोरात पळतात त्या दुसऱ्या आजाराचं, अब्लेशन असेल तर गोळीचा हिशेब वेगळा. हृदयाची डाव्या बाजूची मायट्रल झडप जास्त आकसलेली असेल तर एसिट्रॉम किंवा वॉरफॅरिनच लागते, दुसरी नव्या जातीची गोळी परस्पर बदलून घेऊ नका, आमच्या काउंटरवरूनही नाही.