ऊन लागलेल्याला आधी गार करा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये प्रथमोपचार शिकायला घेताय, तर बँडेजच्याही आधी उष्माघात नीट समजून घ्या. चक्कर आली, पायात गोळे आले, पण माणूस शुद्धीत नीट बोलतोय, तर सावली आणि मीठ-साखरेचं पाणी द्या: एक लिटरला साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा; चमचा चहाचा. तो असंबद्ध बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, की मात्र उष्माघातच समजा. नवखे इथेच फसतात. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं धरून चालतात. यंत्रमागावर राबणाऱ्याला घामाने निथळतानाही तो होतो.

एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने तोवर कपडे उतरवून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा. पाणी कमी असेल तर आपला सोलापुरी टॉवेल भिजवून मान, काखा, जांघांवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत तो कोमट होतो आणि तसाच राहिला तर पांघरुणासारखी ऊब धरतो, म्हणून सारखा भिजवत राहा.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीच घालू नका, श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलही नको, हा आजाराचा ताप नव्हे, गोळीने उतरत नाही. आणि गाडी दारात आली म्हणून गार करणं थांबवू नका, वाटेतही टॉवेल ओलाच हवा.