डाग मोजकेच, मग चुंबकीय वादळ कुठून आलं?

सर, तुमच्या मुलांनी कागदावर पाडलेल्या सूर्यबिंबात डाग मोजकेच होते, मोठा स्फोटही झाला नव्हता, तरी चुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघण्याची, सूचना आली. यात मुलांचं काही चुकलेलं नाही. असं वादळ बहुधा कोरोनल होलचं, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या (कोरोनातल्या) काळ्या दिसणाऱ्या भागाचं असतं, आणि ते साध्या दुर्बिणीत दिसतच नाही. अतिनील किंवा क्ष-किरण प्रतिमेत काळं दिसतं.

तिथं खड्डा नसतो. चुंबकीय रेषा सूर्याकडे परत न वळता अवकाशात मोकळ्या सुटतात, वायू अडून राहत नाही, विरळ होतो, म्हणून काळोख. तिथला सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत) सेकंदाला 500 ते 800 किमीनं निघतो. एरवीचा संथ वारा 300 ते 400.

हरभऱ्यातला स्प्रिंकलर बघा. थेंब सरळच जातो, पण नोझल फिरतं म्हणून धार वाकलेली दिसते. फिरत्या सूर्यावरच्या होलमधून निघणाऱ्या वाऱ्याचंही तसंच. आपल्याकडून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे 27 दिवसांची. होल टिकलं की तीच धार 27 दिवसांनी पुन्हा आपल्यावर येते. सौरचक्राच्या (डाग वाढण्या-घटण्याच्या सुमारे 11 वर्षांच्या फेरीच्या) कमाल काळात ध्रुवांवरची होलं जवळपास नाहीशी होतात. चक्र उतरणीला लागलं की मोठी होलं विषुववृत्तापर्यंत पसरतात. म्हणून डाग घटताना ही फेरीची वादळं वाढतात. मे 2024 सारखं प्रचंड वादळ मात्र डागांच्या गटातून सुटलेल्या उद्रेकांचं असतं. होलचं बहुधा जी-1, जी-2 पर्यंतच (जी-1 ते जी-5 या वादळांच्या मापपट्टीत जी-5 सर्वांत तीव्र).

मुलांना नासाच्या एसडीओ या सूर्याकडे पाहणाऱ्या यानाची 193 अँगस्ट्रॉमची (अतिनील तरंगलांबीची) प्रतिमा रोज एकाच वेळी बघायला सांगा. होल डावीकडून उजवीकडे सरकतं. मध्यरेषेवर आलं ती तारीख लिहा. 600 किमी वेगानं 15 कोटी किमी म्हणजे जवळपास तीन दिवस. धार पोचताना सौरवाऱ्याच्या आलेखात आधी घनता चढते, कारण वेगवान वारा पुढच्या संथ वाऱ्याला रेटून दाबतो. मग वेग चढतो आणि घनता पडते. हा क्रम मुलांना नक्की दाखवा.

फसगत होते ती फिलामेंटमुळे, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या थंड, दाट वायूच्या पट्ट्यामुळे. तेही काळंच, पण दोरीसारखं लांबट, आणि एच-अल्फा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशातल्या) प्रतिमेतही काळं दिसतं; होल तिथं दिसत नाही. ध्रुवाजवळच्या छोट्या होलची धार तर पृथ्वीला चुकवून जाते.

वहीत एका ओळीला 27 रकाने आखा, म्हणजे त्याच होलच्या नोंदी साधारण एकाखाली एक येतील. वेग चढूनही वादळ झालं नाही, तर बी-झेडचा (त्या वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकाचा) आलेख काढा: वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे राहिलं असेल. ते दक्षिणेकडे वळून टिकलं, तरच पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा नीट शिरते.