खडा कडक, कठीण की टणक?

प्रश्न सांगलीहून आला आहे. वडिलांचा सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, 'मुतखडा हार्ड आहे, 1200 एचयू.' घरी हे मराठीत सांगताना कडक म्हणावं, कठीण की टणक? 'काठिण्य' चालेल का?

बोलताना टणक म्हणा. कडक भाकरी कटकन मोडते. त्या शब्दात वाळकेपणा आहे, न फुटण्याचा भाव नाही. दवाखान्याच्या दारात 'कठीण' तर नकोच. 'पेशंटचं कठीण हाय' याचा अर्थ आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. खड्याबद्दल बोललेलं माणसाबद्दल ऐकलं जाईल.

लिहिताना 'काठिण्य' बिनचूक, पण ते त्या 1200 ला लावू नका. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड एकक. पाणी 0 आणि हवा उणे 1000 धरून, खड्यानं क्ष-किरण किती अडवले ते हा आकडा सांगतो. त्याला 'क्ष-किरण घनता' म्हणावं.

काठिण्य मोजायला खडा शरीराबाहेर हवा. तो रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या राळेसारख्या द्रवात, बसवून कापतात, कापलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत करतात आणि तिच्यावर हिऱ्याचं चौकोनी टोक दहा-पंधरा सेकंद दाबतात. टोकाच्या समोरासमोरच्या पैलूंत 136 अंशांचा कोन असतो, भार एक किलोच्या आत. उमटलेल्या खळीचे दोन्ही कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. त्याच भाराला खळी जितकी लहान, तितका खडा टणक. हे विकर्स काठिण्य. भार जास्त झाला की कोपऱ्यांतून तडे जातात, कर्ण लांब भासतो आणि काठिण्य आहे त्याहून कमी दिसतं. खड्याला थर असतात, म्हणून गाभ्याचा आकडा वेगळा आणि सालीचा वेगळा घ्यावा लागतो.

कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा खडा टणक; स्ट्रुवाइटचा आणि युरिक आम्लाचा त्यामानानं मऊ. सिस्टीनचा खडा मात्र 'टणक' या शब्दात मावत नाही. त्याची घनता बेताची, तरी खडे फोडायला शरीराबाहेरून करतात त्या ध्वनिलहरींच्या माऱ्याला तो दाद देत नाही. त्याला आपला शब्द आहे: चिवट. खडीसाखर अंगठ्यानं दबत नाही, पण बत्त्याखाली लगेच फुटते. चिक्कीचा ताजा गूळ दबतो, पण त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. टणकच्या उलट मऊ, चिवटच्या उलट ठिसूळ. या दोन जोड्या एकमेकींत मिसळू नयेत.

तेव्हा घरी एवढंच सांगा: 'खड्याची घनता 1200 आलीय, फोडायला जड जाईल म्हणाले.'