दर रविवारी अंघोळ घालूनही कुत्र्याच्या अंगाला वास येतो, खाजवतोही. घरी अंघोळ नेमकी कशी घालावी?

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा: दीड वर्षाचा लॅब्राडोर, दर रविवारी आपल्याच अंगाच्या साबणाने अंघोळ, तरी मंगळवार उजाडेपर्यंत पुन्हा वास आणि कराकरा खाजवणं. त्यात सोलापूर, म्हणजे नळ काही रोज सुटत नाही. पार्लरला न्यावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

पार्लर लागत नाही. पण तुमच्या कुत्र्याला अंघोळ कमी पडतेय असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. मला तर ती जास्त होतेय असं दिसतंय, आणि तीही अर्धवट. साबण भरपूर, धुणं बेताचं, वाळवणं जवळजवळ नाहीच.

माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी, पीएच ५.५ च्या आसपास. कुत्र्याची त्यापेक्षा उदासीन, साधारण ७ च्या जवळपास. शिवाय तिचा वरचा थर ३ ते ५ पेशींचा असतो, आपला १० ते १५ पेशींचा. साबणवडीचा पीएच ९-१० असतो, आणि ती दर आठवड्याला या पातळ कातडीवरून फिरली की अंगचं तेल निघून जातं. ते तेल म्हणजे मळ नव्हे, तेच त्याचं संरक्षण. ते गेलं की कोंडा, कोंड्याने खाज, खाजवून ओरखडे, ओरखड्यांत जंतू आणि मग जंतूंचा वास. वास आला की घरातले म्हणणार, ‘घाला त्याला अंघोळ.’ पुन्हा तेच.

म्हणून साबण बंद. कुत्र्यासाठीचा साधा शाम्पू घ्या, फार सुगंधी नको. त्याच्या नाकाला तो वास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबतो. बादलीत टोपणभर जंतुनाशक ओतायची आपल्याकडे फार हौस. तेही नको, कुत्रं अंग चाटतं आणि सगळं पोटात जातं. रिठा-शिकेकाईबद्दल विचाराल तर डोळ्यांत गेलं की काय होतं ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याला तर सांगताही येत नाही.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. कुत्र्याची कातडी साधारण ३ आठवड्यांत नवी होते, तिला तेवढी सवड द्या. मधल्या दिवसांत एक दिवसाआड विंचरणं, आणि फिरून आलं की ओल्या फडक्याने पाय-पोट पुसणं. आमच्याकडे सध्या कारवानी आहे. आखूड केसांचं, सडपातळ कुत्रं, त्याला तर महिनोन्महिने ओलं फडकंच पुरतं. लॅबचं तसं नाही. वर राठ केस आणि खाली दाट लव, असा त्याचा दुहेरी कोट. खरी गोम त्या लवेत आहे.

अंघोळीच्या आधी कोरडा असतानाच त्याला गच्चीवर किंवा दाराबाहेर नेऊन दहा मिनिटं विंचरा. सुटलेली लव आधीच निघाली तर पाणी कातडीपर्यंत पोचतं. तीच भिजली तर तिचे गोळे होतात, पाणी धरून बसतात आणि मग कंगवाही चालत नाही. मूठभर लव आधी काढली की बादलीभर पाणी वाचतं, हे मी लिहून देतो.

पाण्यावर जरा सविस्तर बोलायला हवं. आमच्या शेजारच्या काकू अजून गच्चीवरून ओरडतात, ‘काय बे, माणसाला प्यायला पाणी नाही अन् तू कुत्र्याला अंघोळ घालतोस?’ त्यांचंही चूक नाही. म्हणून हिशेब सांगतो: तीन बादल्या. एक भिजवायला, दोन धुवायला. थेट पाइप नको. एक तर पाणी वाया जातं, दुसरं म्हणजे उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, आणि पाइपात उभं राहिलेलं त्याहून जास्त. ते अंगावर पडलं की कुत्रा पळणारच, आणि पुढच्या वेळी बादलीचा आवाज आला की पलंगाखाली. उन्हाळ्यात रात्रीच बादल्या भरून ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत उरका. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, उलट करा: अकरा-बाराचं ऊन आणि कोमट पाणी. कोमट म्हणजे किती, तर तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं कोपर बुडवून बघा.

बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी शाम्पू ओततो, आणि तो धुवायला आणखी पाणी लागतं. फेसाच्या नादी लागू नका. शाम्पू कधीच सरळ अंगावर ओतायचा नाही. तांब्याभर पाण्यात दोन चमचे ढवळून घ्यायचा, म्हणजे तो सगळीकडे सारखा लागतो आणि निघतोही पटकन. शेवटची बादली मात्र जमल्यास नळाच्या पाण्याची ठेवा.

आता मोरी. बहुतेक कुत्री पाण्याला भीत नाहीत, पाय घसरण्याला भितात. ओली शहाबादी फरशी, त्यावर साबण, आणि चारही पाय चार दिशांना. खाली एक गोणपाट अंथरा आणि फरक बघा. समोर कुणीतरी कडक भाकरीचे तुकडे घेऊन बसलं की अर्धं काम झालं. शेंगाचटणी लावून देऊ नका, लसूण कुत्र्याला बाधतो.

भिजवताना पाण्याचा मग अंगाला टेकवून, केसांच्या उलट दिशेने ओता. उंचावरून ओतलेलं पाणी लॅबच्या वरच्या केसांवरून तसंच घरंगळून जातं, आतली लव कोरडीच राहते. मागच्या पायांपासून सुरू करून मानेपर्यंत या. पिसवा झाल्या असतील तर मात्र आधी मानेभोवती शाम्पूचं कडं करा, कारण अंग भिजायला लागलं की त्या डोक्याकडे धावतात. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळा. काखा, जांघा, शेपटीचं मूळ आणि पायांच्या बोटांमधल्या खाचा सोडू नका. तोंडावर पाणी ओतायचंच नाही, शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. डोकं भिजलं की कुत्रा अंग झाडतो, मग भिंती, तुम्ही आणि वाळत घातलेले कपडे सगळे एकदमच न्हाऊन निघता. झाडणं डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जातं. नाकाडावर हलका हात ठेवलात तर ते सुरूच होत नाही.

धुताना डोळ्यांवर विसंबू नका, हातावर विसंबा. तळवा फिरवल्यावर बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत पाणी ओतायचं. पोटाखाली आणि काखेत हमखास राहतं, आणि तिथेच तो नंतर खाजवतो.

आणि वाळवणं. तुमच्या मंगळवारच्या वासाचं मूळ मला इथं दिसतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत लॅब वरून दहा मिनिटांत वाळलेला दिसतो, पण खालची लव तासन्‌तास ओली राहते आणि त्या ओलीत जंतू वाढतात. कानामागे, मांडीच्या आत, शेपटीच्या मुळाशी बोटं खुपसून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण कुत्र्यासाठी नवा कोरा टॉवेल काढू नका. दोन-तीन धुण्यांशिवाय तो पाणी नीट पीत नाही. आमच्या घरी माग होते तेव्हा काठ सुटलेला, पट्टा वाकडा आलेला सेकंड माल घरातच राहायचा. तसला धुऊन धुऊन मऊ पडलेला टॉवेल सगळ्यात चांगला. रगडायचं नाही, दाबून टिपायचं. एक भिजला की दुसरा. मग कोवळ्या उन्हात किंवा पंख्याखाली, आणि पूर्ण वाळेपर्यंत मातीत सोडायचं नाही. अंघोळ झाली की ही कुत्री वेड्यासारखी पळतात आणि पहिली धूळ दिसेल तिथं लोळतात.

कान: लॅबचे कान लोंबते, आत हवा कमी. अंघोळीआधी कापसाचा मोठा बोळा सैल ठेवा आणि नंतर आठवणीने काढा. कान आत काडी घालून कोरायचा नाही.

गोचीड असतील तर अंघोळीने ते जात नाहीत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, बोटांनी चिरडू नका. रॉकेल, तंबाखूचं पाणी, गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने पातळ करून लावणं, हे सगळं जिवावर बेतू शकतं. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दोन दिवस अंघोळ नको, नाहीतर औषध धुऊन जातं. गोचीड निघाल्यानंतर कुत्रं मलूल झालं, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर तो गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्ही आता येते दोन रविवार अंघोळ वगळा, नुसतं विंचरा आणि पुसा. तरीही खाज थांबली नाही, किंवा कानातून, पंजांतून आंबूस वास येत राहिला, तर बुरशी किंवा ॲलर्जी असू शकते. त्याला औषधी शाम्पू लागतो. तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो, पण कुठला आणि किती दिवस ते जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. जाताना आत्ता वापरताय त्या साबणाचं वेष्टन बरोबर न्या. आणि स्वच्छ दिसावा म्हणून आदल्या दिवशी अंघोळ घालून नेऊ नका, कातडीवरचं सगळं धुऊन गेलं तर डॉक्टरांना तपासायला काही उरत नाही.