कुत्र्याचे ड्रॉप्स मांजराला थोडेसे? दादा, ती ट्यूब आधी खाली ठेवा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तीन महिने झाले पिसवा जात नाहीयेत, ड्रॉप्स डुप्लिकेट असतील का असा संशय, मांजराच्या शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसतायत, आणि शेवटी जाता जाता जे विचारलंय ना, की कुत्र्याच्या मोठ्या ट्यूबमधले दोन-तीन थेंब वजनाच्या हिशेबाने मांजराला लावले तर चालतील का... हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी एकदा स्वतःशी बोलले होते. फक्त मी कोणाला विचारलं नाही.

नाही चालणार. आणि हे वाचेपर्यंत लावून मोकळे झाला असाल तर आत्ता उठा, मांजराला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, नीट पुसून कोरडं करा, गुंडाळा आणि डॉक्टर गाठा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यातही वेळ घालवू नका, थेट निघा. उलटी वगैरे करवायला जाऊ नका. बाकीचं नंतर वाचा.

आमच्याकडे ढोल्या म्हणून अठ्ठावीस किलोचा कुत्रा आणि चिमणी म्हणून साडेतीन किलोची मांजर (हो, मांजरीचंच नाव चिमणी, पोरीने ठेवलंय, कोणी ऐकलं नाही माझं). ढोल्याची ट्यूब चार एमएलची, २५ ते ४० किलोवाली. म्हटलं चिमणीचं वजन त्याच्या आठव्या हिस्स्याएवढं, तर आठवा हिस्सा लावू, वेगळी ट्यूब कशाला. सुई काढलेली सिरिंज घेऊन अर्धा एमएल मोजला, मानेवर केस बाजूला करून लावला आणि नवऱ्याला दाखवलं पण, बघ कसं मोजून मापून. त्याचीच जास्त लाज वाटते आता.

संध्याकाळी सहाला लावलं. नऊच्या सुमारास बघते तर तिचा एक कान सारखा फडफडतोय, जसा माशी बसल्यावर होतो तसा, पण माशी नाही. मग पुढचा पाय झटकायला लागली, ओल्यात पडल्यासारखा. पाठीवरची कातडी लाटेसारखी सरकत होती. पाणी प्यायला गेली तर वाटी फरशीवर टकटक वाजायला लागली, कारण डोकंच थरथरत होतं.

आम्ही नेहमी जिथे जायचो त्या दवाखान्यात फोन केला. नाव नाही घेत, घेऊन उपयोग पण नाही. फोनवर जो कोणी होता त्याने दोन मिनिटं ऐकलं, कुठलं औषध हे विचारलंच नाही, आणि म्हणाला, 'थोडं चाटलं असेल मॅडम, कडू लागतं, लाळ गळते, सकाळी दहानंतर आणा.' मी विचारलं, मग धुऊन टाकू का. तर म्हणे, 'अजिबात नको, ड्रॉप्स लावल्यावर दोन दिवस अंघोळ नसते, औषध वाया जाईल.'

म्हणजे बघा. बॉक्सवर लिहिलेला नियम अगदी बरोबर सांगितला माणसाने, फक्त तो कुत्र्यासाठी होता. आणि मी ऐकलं, कारण पांढरा कोट घालून सांगतात ते ऐकायची सवय असते ना आपल्याला. पाच तास ते औषध तिच्या कातडीतून आत जात राहिलं आणि मी शेजारी बसून तिला धुतलं नाही, का तर सांगितलंय म्हणून. दोन वाजता झटका आला. मग गाडी काढली, दुसरीकडे, रात्री उघडं असतं अशा ठिकाणी. तिथल्या डॉक्टरबाईंनी बॉक्स मागितला, मागची बाजू बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, धुतलं का हिला? तीन दिवस ॲडमिट होती. ह्या विषाला उतारा असा नसतोच, झटके थांबवायची, स्नायू सैल करायची औषधं, सलाईन आणि वाट बघणं. वाचली. सगळ्या वाचत नाहीत.

त्या बाईंनी समजावलं ते असं. ढोल्याच्या ट्यूबमध्ये होतं ते परमेथ्रिन, पिसवा-गोचिडी मारायचं औषध, कुत्र्याचं लिव्हर पटापट मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरमध्ये ते काम करणारी यंत्रणा फार कमजोर असते, त्यामुळे ते साचतं आणि नसांवर जातं. कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये ते ४० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून थेंबभर 'थोडंसं' पण थोडंसं नसतं. वजनाचा हिशेब इथे लागूच होत नाही. बरं, लावायलाच पाहिजे असंही नाही, नुकतेच ड्रॉप्स लावलेल्या कुत्र्याला चिकटून मांजर झोपलं किंवा त्याला चाटलं तरी होऊ शकतं. म्हणून माझं ठाम मत (डॉक्टर नाहीये मी, मत आहे फक्त): घरात मांजर असेल तर कुत्र्यालाही परमेथ्रिनवालं आणूच नका. त्याला गोचीड-पिसवांची तोंडाने द्यायची गोळी द्या, मग अंगावर काही राहतच नाही. फक्त कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या गोळ्यांच्या गटाबद्दल तसा इशारा आहे. आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल (पिसवांच्या ड्रॉप्समधलंच दुसरं औषध) नको, ते सशाला बाधतं. एकाचं औषध दुसऱ्याला नाही, एवढं धरून चाला.

आता तुमचा मूळ प्रश्न, पिसवा का जात नाहीत. ड्रॉप्स डुप्लिकेट असतीलही, पण मला वाटतं औषध काम करतंय आणि घर करत नाहीये. तुम्हाला कुत्र्यावर जेवढ्या पिसवा दिसतात त्या एकूण कुटुंबातल्या थोड्याच, बाकीचा गोतावळा अंडी, अळ्या आणि कोष होऊन गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, कुत्र्याच्या गादीत बसलेला असतो. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती चिकटत नाहीत, घरंगळून पडतात, म्हणजे कुत्रा जिथे जिथे लोळतो तिथे तिथे पेरणी. त्यातले कोष सगळ्यात हरामखोर, त्यांना फवारा लागत नाही, महिनोन्महिने पडून राहतात आणि कोणी जवळून चाललं, हादरा बसला, ऊब लागली, श्वास लागला की बाहेर. म्हणून गावाला जाऊन आल्यावर बंद घरात पाय ठेवला की एकदम अंगावर येतात.

मग करायचं काय तर चिकाटी, दुसरं काही नाही. घरातल्या प्रत्येक प्राण्याला त्याचं त्याचं औषध, तारीख न चुकवता, निदान तीन महिने. पिसवा गेल्या असं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात बंद केलंत की पुन्हा पहिल्यापासून. व्हॅक्युम रोज किंवा दिवसाआड, फर्निचर सरकवून, आणि आतला कचरा लगेच घराबाहेर, नाहीतर मशीनच्या पोटात संसार चालू राहतो. गादीची खोळ, चादरी साठ डिग्रीच्या गरम पाण्यात. व्हॅक्युमच्या हादऱ्याने कोष फुटतात आणि पहिले काही दिवस पिसवा वाढल्यासारख्या दिसतात, तेव्हा घाबरू नका, त्या बाहेर आलेल्याच बऱ्या, औषध लावलेल्या कुत्र्यावर बसल्या की मरतात. शंका असेल तर बारीक फणी फिरवा आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग पसरला की ती धूळ नाही, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि ड्रॉप्स लावायच्या आदल्या दिवशी शॅम्पू करत असाल तर ते बंद करा, आमची ही पण चूक होती. कातडीवरचं तेल निघून गेलं तर काही ड्रॉप्स नीट पसरतच नाहीत.

तांदळाचे दाणे. दादा, ते पिसवांचंच पोरगं समजा. तो चपटा कृमी, त्याची अळी पिसूच्या पोटात असते, मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि आत जंत तयार. तुम्ही दिलेलं पातळ औषध लागू पडलं नाही म्हणताय, तर बाटलीवर बघा काय लिहिलंय. नुसतं पायरँटेल असेल तर ते गोल जंतांवर, चपट्यावर नाही. चपट्याला प्राझिक्वांटेल लागतं. मांजराला वजन करून, डॉक्टरांना विचारून. आणि पिसवा तशाच ठेवून ते दिलंत तर दोन-तीन आठवड्यांत परत दाणे, मग पुन्हा म्हणाल औषध डुप्लिकेट. नियमित डीवर्मिंगचं, म्हणजे जंताच्या औषधाचं वेळापत्रक मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

गोचिडीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण कुत्रा बाहेर जातो तर बोटांच्या मधे आणि कानाच्या आत बघत जा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही. बोटांनी चिरडू नका. कुत्रा दोन दिवस मलूल, ताप, जेवत नाही, नाकातून रक्त, असं काही असेल आणि गोचिडी सापडल्या असतील तर नुसतं तापाचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका, गोचीड ताप असू शकतो, रक्त तपासा आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघा. ढोल्याला झालंय हे, चार आठवडे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी होती, रोज ती लपवून भरवण्यात माझी अक्कल संपली.

लसूण, टी ट्री ऑईल, घरगुती तेलं, हे आता कोणीतरी सुचवणारच. नैसर्गिक आहे म्हणून. लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी फोडतो आणि टी ट्री ऑईल मांजराला विषच आहे. मी भांडत नाही कोणाशी, पण चिमणीवर मी आता डॉक्टरांना न विचारता पाण्याशिवाय काही लावत नाही.

तुम्ही असं करा, त्या ड्रॉप्सच्या बॉक्सचा फोटो टाका, म्हणजे आत काय आहे ते बघू. मागच्या बाजूचा टाका, पुढे नुसता हसरा कुत्रा असतो.