जळगावच्या ग्राहक आयोगातून अमेरिकेच्या ज्युरीसमोर

ताई, तुम्ही जळगावला ग्राहक आयोगात बोगस बियाणं, सदोष ठिबक अशा केसेस चालवता. आता एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेत कंपन्यांविरुद्ध लढणारी ट्रायल लॉयर, म्हणजे कोर्टात खटले चालवणारी वकील व्हायचंय, जमेल का, असं विचारलंत. मी अमळनेरचा, न्यू यॉर्कमध्ये याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैसा. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर फी ठरवताच येत नाही. इथे पीडितांचा वकील जगतो तोच त्यावर. पैसे मिळाले तर साधारण एक तृतीयांश, काही राज्यांत ४० टक्क्यांपर्यंत. हरलं तर शून्य, आणि तज्ज्ञांच्या फीसकट सगळा खर्च बहुतेक वेळा फर्मच्या अंगावर. म्हणून केस घ्यायची का, हे पुरावा किती आणि वसुली किती यावर ठरतं. खऱ्याखुऱ्या दुखावलेल्या माणसाला 'नाही' सांगणं हे नेहमीचं काम आहे. ते पचणार असेल तरच पुढे वाचा.

आता ज्यासाठी मी इथे टिकलो ते सांगतो: डिस्कव्हरी, म्हणजे सुनावणीआधी समोरच्याकडचा पुरावा मागून घेण्याची सोय. आपल्याकडे 'मनं बी उगनंच नई, साहेब' म्हणत शेतकरी येतो तेव्हा त्याने सगळं बियाणं पेरून टाकलेलं असतं, आणि कंपनी विचारते नमुना कुठे आहे. शेतकरी नमुना जपून ठेवेल अशी अपेक्षाच चूक, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्सच्या निकालात सांगितलं, तरी वाद संपत नाही. इथे उलट कंपनीलाच आपले ईमेल, चाचण्यांचे अहवाल, मीटिंगची टिपणं काढून द्यावी लागतात. मग तिच्या अधिकाऱ्याला शपथेवर बसवून विचारायचं. फेडरल (केंद्रीय) कोर्टात एका माणसासाठी एक दिवस, सात तास. फोर्डच्या पिंटो गाडीच्या केसमध्ये कंपनीच्याच धडक-चाचण्या तिच्यावर उलटल्या. १९७८ मध्ये ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, साडेबारा कोटी डॉलर दंडात्मक भरपाई दिली, न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली. आकडे असेच खाली येतात. बहुतेक केसेस तर ज्युरीपर्यंत जातच नाहीत, तडजोडीत मिटतात. कोर्टात उभं राहून बोलण्याची हौस असेल तर पहिली काही वर्षं कागदांत जातील.

आणि खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या केसेस इथल्या कोर्टात आणू असं मनात असेल तर भोपाळ आठवा. न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टाने १९८६ मध्ये ते प्रकरण भारतात पाठवलं, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटलं.

नोकरीचं खरं दुखणं व्हिसा. पीडितांच्या बाजूच्या फर्म बहुधा लहान, व्हिसाच्या भानगडीत पडत नाहीत. ज्या मोठ्या फर्म पडतात त्या बहुतेक कंपन्यांच्या बाजूने लढतात! एलएलएमनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याचे, १२ महिने मिळतात, मग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: ६५,००० जागा, शिवाय अमेरिकन मास्टर्सवाल्यांना २०,०००. कॅलिफोर्नियात सनद असलेल्या परदेशी वकिलाला एलएलएम न करताही बार परीक्षेला (तिथल्या वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला) बसता येतं. म्हणजे एलएलएमची फी तुम्ही शिक्षणापेक्षा व्हिसासाठीच भरताय. शेत गहाण टाकून भरू नका, हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगेन.

तिकडचंही बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं अख्खं प्रकरण आलंय, २०२० पासून लागू आहे. त्यावर नेटाने काम करणारे वकील आपल्या भागात मला फार दिसत नाहीत.

तरीही यायचंच असेल तर आत्ताच महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडून सनदेचा दाखला मागवा. न्यू यॉर्क बारला गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट लागतात, तेव्हा उमविच्या (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) परीक्षा विभागात स्वतः जाऊन अर्ज द्या आणि पोच घ्या. पदवीच्या तपासणीलाही महिनोन् महिने लागतात, त्यामुळे कॉलेजचे फॉर्म भरण्याआधी ती सुरू झालेली बरी.