पराणीची आर आणि ५० रुपयांचा दंड

प्रश्न : गळीत हंगामात आमच्या गावाजवळच्या चढावर उसाची बैलगाडी अडली. एक बैल गुडघ्यांवर बसला, तरी गाडीवान त्याच्या पुठ्ठ्यात पराणीची आर (हाकण्याच्या काठीच्या टोकाचा खिळा) टोचतच राहिला. रक्त खुरापर्यंत ओघळले. पोलिसांनी मात्र गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता न येणारा, असल्याचे सांगून मला न्यायालयाचा रस्ता दाखवला. अशा क्रूरतेला केवळ ५० रुपये दंड आहे, हे खरे काय? शिक्षा वाढवायला नको काय?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : खरे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा केंद्राचा असल्यामुळे कर्नाटकातील निपाणीत आणि महाराष्ट्रातील कागलमध्ये आकडा एकच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंची एवढी एकवाक्यता एरवी विरळाच. केंद्राने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात गंभीर क्रूरतेसाठी ५० ते ७५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सुचवलेल्या होत्या.

शिक्षा वाढायलाच हवी. परंतु मारहाण आणि जादा ओझे हे गुन्हे अदखलपात्र आहेत तोवर वाढीव शिक्षा कागदावरच राहील, असे आम्हांस वाटते. शिवाय उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेला गाडीवान तेवढा तुरुंगात जाईल आणि गाडी वाजवीपेक्षा जास्त भरायला लावणारा मोकळा राहील, हेही न्याय्य नव्हे.

आपल्या तक्रारीत आरेचा स्पष्ट उल्लेख करावा. ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार टोकदार काठी वापरण्यास मनाई आहे आणि नियमभंगाला पहिल्याच वेळी १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बैल कायमचा निकामी झाला असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लावता येते. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद असून तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना आपणास परत पाठवता येत नाही.

सरकारी पशुवैद्यकाचा दाखला जखम ओली असतानाच घ्यावा. ओझे किती होते, हे कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर मिळेल. १९६० च्या कायद्याखालील फिर्याद घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते, म्हणून हंगाम संपण्याची वाट पाहू नये.